कर्जाची मर्यादा आणि कृष्णेचे पाणी

सरकारने कर्ज किती काढावे, या प्रश्नावरून अमेरिकेत दर काही वर्षांनी राजकीय पेच उभा राहतो. तेथे कर्जाची कमाल रक्कम कायद्याने ठरलेली आहे आणि ती वाढविण्यासाठी संसदेची संमती लागते. 2011 आणि 2023 मध्ये दोन्ही पक्षांनी ताणून धरल्याने सरकारची देणी थकतात की काय, अशी वेळ आली होती. भारतातील राज्यांत असा प्रसंग सहसा येत नाही. मात्र याचा अर्थ येथे मर्यादा नाही किंवा तिच्यावरून भांडण नाही, असा होत नाही. येथे मर्यादा ओलांडली जाते ती मतदानाने नव्हे, तर आडवाटेने. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील उपसा सिंचन योजनांचा गेल्या तीन दशकांचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या दोन जिल्ह्यांचे चित्र दुभंगलेले आहे. कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या काठी उसाचे मळे व साखर कारखाने आहेत, तर माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसत आले आहेत. नदी खाली आणि जमीन वर, अशी रचना असल्याने पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलावे लागते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांची कल्पना त्यातूनच पुढे आली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते आटपाडीपर्यंत न्यायचे, हे काम साहजिकच खर्चाचे होते. टेंभूचा मूळ खर्चच सुमारे 1,400 कोटी रुपयांचा धरला होता.

खर्चाची घाई होण्यास आणखी एक कारण होते. कृष्णा पाणीवाटपासंबंधी बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी दिले होते आणि 31 मे 2000 नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, असे म्हटले होते. तोपर्यंत पाणी अडविले नाही, तर ते शेजारील राज्यांकडे जाईल, ही भीती सर्वच पक्षांनी बोलून दाखविली. पाणी अडविण्यावर एकमत होते. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उरला.

1995 मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने 1996 मध्ये कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. कर्नाटकाने 1994 मध्ये कृष्णा भाग्य जल निगम स्थापून हा मार्ग आधीच दाखविला होता. महामंडळाने बाजारात कर्जरोखे विकून पैसा उभारायचा आणि त्याच्या परतफेडीची हमी राज्य सरकारने द्यायची, अशी ही व्यवस्था होती. 1997-98 मध्ये विदर्भ, कोकण, तापी आणि गोदावरी खोऱ्यांसाठीही महामंडळे निघाली.

या व्यवस्थेचे मर्म समजून घेण्यासाठी घटनेचे कलम 293 पाहावे लागते. राज्य आपल्या संचित निधीच्या तारणावर कर्ज काढू शकते. मात्र केंद्राचे कर्ज शिल्लक असेल, तर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. केंद्र दरवर्षी प्रत्येक राज्याची कर्जमर्यादा ठरवते, ती याच तरतुदीच्या बळावर. महामंडळाचे कर्ज मात्र कागदोपत्री राज्याचे नसते. ते अर्थसंकल्पातील तुटीत दिसत नाही आणि विधिमंडळात त्यावर थेट मतदानही होत नाही. तरीही महामंडळाला पाणीपट्टीतून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असल्याने व्याज आणि मुद्दल शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच जाते. महालेखापरीक्षकांनी अर्थसंकल्पाबाहेरील या कर्जांवर आक्षेप घेतले, ते याचमुळे.

1999 मध्ये सत्तांतर झाले. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढून कर्जाच्या बोज्यासाठी आधीच्या सरकारकडे बोट दाखविले. अर्थखाते आले ते सांगली जिल्ह्यातील जयंत पाटील यांच्याकडे. ज्या योजनांच्या रोख्यांचे व्याज तिजोरीला जड झाले होते, त्यांतील कित्येक त्यांच्याच जिल्ह्यातील होत्या. योजना थांबविणे कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते. 1993 पासून आटपाडीत भरणाऱ्या पाणी परिषदेमुळे दुष्काळी तालुक्यांतील जनमत संघटित झाले होते. विरोधात असताना कर्जावर टीका आणि सत्तेत असताना कर्जाचाच आधार, हा प्रकार तेव्हापासून रूढ झाला.

पुढे मर्यादा आणखी आवळल्या गेल्या. विदर्भ आणि मराठवाड्यातील सिंचनाचा अनुशेष भरून काढण्यासाठी राज्यपालांनी कलम 371 (2) अन्वये निधिवाटपाचे निर्देश दिले. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या वाट्याला हात आखडता आला. 2005 मध्ये राज्याने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी न्याय्य होत्या. चूक झाली ती दुसरीकडेच. उपलब्ध पैसा कमी झाला, तरी योजनांची संख्या कमी झाली नाही. प्रत्येक तालुक्याला थोडा थोडा निधी देत सारीच कामे अर्धवट चालू ठेवण्यात आली.

याचा हिशेब साधा आहे. दहा टक्के चक्रवाढ व्याजाने काढलेली रक्कम सव्वासात वर्षांत दुप्पट होते. धरण बांधून झाले पण कालवा नाही, पंप बसले पण वितरिका नाहीत, अशा स्थितीत योजना एक रुपयाही मिळवत नाही; व्याज मात्र चालू राहते आणि सिमेंट, पोलाद व भूसंपादनाचे दर वाढत जातात. टेंभूच्या अंदाजपत्रकाला वारंवार सुधारित मान्यता घ्यावी लागली, त्यामागे हीच साखळी होती.

2012 मध्ये भूमिका अदलाबदल झाल्या. आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून सिंचनावर प्रचंड खर्च होऊनही सिंचित क्षेत्र जेमतेम वाढल्याचा आरोप झाला. उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला; नोव्हेंबरअखेर सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरमध्ये ते पदावर परतले. या वेळी जाब विचारणाऱ्यांत महामंडळे स्थापन करणारे पक्ष आघाडीवर होते. पुढे 2018 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत टेंभूचा समावेश झाला. उपसा योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार राज्याने उचलला आणि 19 टक्के शेतकऱ्यांकडे ठेवला. म्हणजे योजना पूर्ण झाली, तरी तिजोरीवरील भार संपत नाही.

विलंबाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. जतच्या पूर्व भागातील गावे पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा करू लागली. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील 40 गावांवर दावा सांगितला, तेव्हा विस्तारित म्हैसाळ योजनेला एकाएकी गती आली. पाण्याअभावी राज्याच्या सीमेवरच प्रश्नचिन्ह लागावे, याहून मोठा इशारा कोणता?

आडवाटही आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. महामंडळांमार्फत काढलेली कर्जे राज्याच्या मर्यादेत धरण्याचे धोरण केंद्राने 2022 मध्ये स्वीकारले. केरळ या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2024 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यात आले. महाराष्ट्रावरील कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा अंदाज होता. राज्य उत्पन्नाच्या तुलनेत हे प्रमाण 19 टक्क्यांच्या आसपास असल्याने सरकार ते सुरक्षित मानते. विरोधक त्यालाच दिवाळखोरी म्हणतात. मात्र 2024 च्या विधानसभा निवडणुकीत लाडकी बहीण योजनेची रक्कम 2,100 रुपये करण्याचे आश्वासन महायुतीने दिले, तर महाविकास आघाडीने महिलांना 3,000 रुपये देऊ केले, हेही विसरता येणार नाही.

कृष्णाखोऱ्याचा अनुभव सांगतो, की कर्ज काढणे हा दोष नव्हता. त्याच पैशाने आज आटपाडीच्या माळावर पाणी पोहोचले आहे. दोष होता तो कर्ज नजरेआड ठेवण्यात आणि एका योजनेचे काम पुरे होण्याआधी दहा योजनांचे नारळ फोडण्यात. कर्जाची रक्कम किती, यावर सभागृहात भांडण होणे गैर नाही. त्यासोबत हाती घेतलेल्या योजना किती, त्यांतील पूर्ण केव्हा होणार आणि त्या चालविण्याचा खर्च कोण देणार, हे तीन प्रश्नही विचारले गेले, तर त्या भांडणातून दुष्काळी तालुक्यांच्या पदरात काही पडेल.