कोलारची सुवर्णभूमी

अंबा नदीच्या खाडीतून गलबतांनी माल येत असे ते नागोठणे बंदर आणि वायूपासून रसायने करणाऱ्या कारखान्याचे आजचे नागोठणे, ही दोन्ही रूपे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना, एकाच धंद्यावर पोसलेल्या वस्तीचे भवितव्य हा विषय परका वाटू नये. म्हणूनच एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणाऱ्या कोलार प्रांतातील सुवर्णखाणींचा वृत्तान्त येथे सांगावासा वाटतो.

तेथील रहिवासी माती धुऊन सोने काढतात, हे वॉरन नावाच्या ब्रिटिश फौजेतील लेफ्टनंटाने १८०२ साली पाहिले. पुढे १८७३ च्या सुमारास लॅव्हेल नावाच्या गृहस्थाने म्हैसूर सरकारकडून खोदाईचा परवाना मिळविला. परंतु खरी बरकत आली ती १८८० नंतर, जॉन टेलर अँड सन्स या कंपनीच्या हाती कारभार गेल्यावर. गारगोटीच्या शिरांत डोळ्यांना न दिसणारे सोने मिळविण्यासाठी खडक पिठासारखा दळावा, ते पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवावे, पाऱ्याने धरले तेवढे सोने खरवडून घ्यावे आणि उरलेले सायनाइडच्या द्रावणाने विरघळवून काढावे, असा तो खटाटोप होता. आणि निःसत्त्व झालेल्या त्या पिठाच्या टेकड्या आजही गावाभोवती उभ्या आहेत.

खाणींतील यंत्रांसाठी १९०२ साली शिवनसमुद्राहून कावेरीची वीज आली. बंगळूर शहराला ती १९०५ साली मिळाली. खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या, तळाचा खडक साठ अंशांवर तापू लागला, आणि दाबाखालील कातळ अवचित फुटून माणसे दगावू लागली. बहुतांशी तमिळ असलेल्या त्या मजुरांच्या फुप्फुसांत साचलेली दगडाची धूळ कोणत्या खतावणीत मांडली गेली? वरचा कातळ इतर किरण अडवतो म्हणून खाणींच्या त्याच खोलीचा उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने करून घेतला आणि तेथे १९६५ साली वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा माग लागला, ही गोष्ट मला सोन्याहून मोलाची वाटते.

१९५६ साली खाणी सरकारजमा झाल्या. खोदाई जितकी खोल तितका खर्च अधिक आणि टनामागे सोने कमी, असे होत गेले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी कामकाज बंद झाले. तोट्याचा तो हिशेब बिनचूक असेल. पण शतकभर ज्यांच्या श्रमावर खजिना भरला, त्यांच्या गावाला दुसरा धंदा देण्याची तजवीज आधीच व्हावयास हवी होती. ती झाली नाही, आणि खाणींसाठी घातलेल्या लोहमार्गावरूनच मारीकुप्पम या खाणवस्तीतील माणसे आता पहाटेच्या गाडीने बंगळूरला मजुरीला जातात.