शब्दांची सोबत

मद्रासमधील, म्हणजे १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरातील, विद्यार्थी इंग्रजीत बोलू लागला की परीक्षा ‘राइट’ करतो. पुण्याचा किंवा नागपूरचा विद्यार्थी तीच परीक्षा ‘गिव्ह’ करतो. इंग्लंडमधील त्यांचा समवयस्क ती ‘टेक’ करतो, नाही तर तिला ‘सिट’ होतो. पहिल्या दोघांच्या व्याकरणात काही उणे नाही आणि प्रत्येक शब्दाचा अर्थही त्यांना ठाऊक आहे. तमिळमध्ये परीक्षा लिहितात, मराठीत ती देतात. जिभेवर इंग्रजी शब्द आले तरी त्यांची जोडणी मात्र घरचीच राहिली, एवढाच याचा अर्थ. गंमत अशी की मराठीत परीक्षेला बसतातही. हा प्रयोग इंग्रजीशी तंतोतंत जुळतो; परंतु विद्यार्थ्याला नेमका तोच आठवत नाही.

शब्द एकमेकांची सोबत धरून राहतात, या गोष्टीला इंग्रजीत कॉलोकेशन म्हणतात; आपण तिला शब्दसंगती म्हणू. मातृभाषेत ती आपल्या लक्षातही येत नाही. मराठी माणूस धोतर नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, पागोटे बांधतो. स्त्री गजरा माळते आणि बांगड्या भरते. इंग्रजीत या साऱ्यांना ‘वेअर’ हे एकच क्रियापद पुरते. काळोख मिट्ट असतो, चांदणे टिपूर असते. ‘मिट्ट चांदणे’ म्हटल्यास लहान मूलही हसेल. ऊन, उपास आणि आंघोळीचे पाणी या तिन्हींना ‘कडकडीत’ का म्हणावे, हे मात्र त्या मुलाला काय, मोठ्यांनाही सांगता येणार नाही. येथे नियम नाही, वहिवाट आहे. आणि परकी भाषा शिकणाऱ्यापाशी नेमकी हीच वहिवाट नसते.

१९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करणारे आणि पुढे लंडनला गेलेले जे. आर. फर्थ यांनी १९५१ मधील एका निबंधात या कल्पनेला भाषाशास्त्रात स्थान दिले. ‘नाइट’च्या शेजारी ‘डार्क’ येऊ शकतो, ही गोष्ट ‘नाइट’च्या अर्थाचाच एक भाग होय, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकांना याची जाणीव त्यापूर्वीच झाली होती. जपानमध्ये काम करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये तोक्यो येथून इंग्रजी शब्दसंगतींची मोठी वर्गवारी प्रसिद्ध केली होती.

तरीही वर्गात ही जाणीव फार उशिरा पोहोचली. १९६० च्या सुमारास मद्रास राज्यात प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण देण्याची प्रचंड योजना हाती घेण्यात आली. प्रशिक्षित शिक्षकांनी इतरांना शिकवावे आणि बर्फाच्या गोळ्याप्रमाणे काम वाढत जावे, ही तिची रीत. तिच्या मुळाशी असलेल्या पद्धतीत वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असत आणि त्यांत भरावयाचे शब्दही मोजूनमापून निवडलेले असत. साचा आणि शब्द या दोहोंच्या मधली जागा मात्र रिकामीच राहिली. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, हे ना साचा सांगे, ना शब्दांची यादी.

मद्रासमध्येच ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत वेगळा प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प या नावाने जगभर ओळखला जातो. तेथे वाक्यरचनेचे पाठ नव्हते. मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचे वेळापत्रक ठेवले जाई आणि त्यावरचा प्रश्न सोडवताना जी भाषा लागेल ती ऐकली-बोलली जाई. प्रभूंचा मुख्य रोख व्याकरणावर होता, शब्दसंगतीवर नव्हे. तथापि वेळापत्रकावर बोलणे आले की शब्द एकेकटे येत नाहीत. मराठीत गाडी चुकते, इंग्रजीत माणूस गाडीला ‘मिस’ करतो. हा फरक पाठ करण्यापेक्षा हातात वेळापत्रक असताना लवकर उमगतो.

परीक्षा ‘राइट’ करणे ही चूकच आहे काय? कॅनडात आणि दक्षिण आफ्रिकेतही परीक्षा ‘राइट’च करतात, मद्रासच्या मुलाला मात्र त्याच शब्दासाठी लाल शाईची खूण मिळते. हा न्याय म्हणता येणार नाही. भारतीय इंग्रजी खरोखर कशी लिहिली जाते, हे पाहण्याचे मोठे साधन महाराष्ट्रातच तयार झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी मजकुराचे ५०० नमुने, सुमारे १० लाख शब्द, संगणकावर संकलित करण्यात आले. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या तशाच संग्रहांशी त्यांची तुलना करता येते. एखादी जोडी एकाच्या हातून निसटली आहे की सबंध समाजात रुजली आहे, हे अशा पुराव्यावरूनच ठरवावे. शिक्षकाच्या कानावर सोडू नये.

विद्यार्थ्याची अडचण मात्र आजची असते. त्याने वहीत सुटा शब्द लिहून पुढे त्याचा मराठी अर्थ मांडण्याची सवय सोडावी आणि शब्द सोबत्यासह उतरवावा. शोध नामापासून सुरू करणे सोयीचे. ‘डिसिजन’ हे नाम घेतले की त्यामागे ‘मेक’ लागते हे कळते. उलट ‘मेक’पासून निघाल्यास अरण्यात शिरल्यासारखे होते. १९८६ आणि २००२ मध्ये निघालेल्या शब्दसंगतीच्या दोन प्रसिद्ध इंग्रजी कोशांतही अशी क्रियापदे नामाखालीच दिलेली आहेत. जेथे मातृभाषा जुळते तेथे वेळ दवडू नये. मराठीत औषध घेतात, इंग्रजीतही ‘टेक’च करतात, तमिळ मुलाला मात्र येथे थांबावे लागते, कारण त्याच्या घरी औषध खातात. कॉफीच्या बाबतीत त्याला थांबण्याचे कारण नाही. चेन्नईच्या उपाहारगृहात तमिळ बोलणारा गिऱ्हाईकही ‘स्ट्राँग’ कॉफीच मागतो, आणि ती जोडी लंडनमध्येही तशीच चालते.