रोड टॅक्स वाढवला की रस्ते सुधारतात का?

पावसाळा सुरू झाला की खड्ड्यांचे फोटो व्हायरल होतात आणि त्याखाली एक कमेंट हमखास असते: ‘एवढा रोड टॅक्स भरतो, तो जातो कुठे?’ दुसऱ्या बाजूला, रस्त्यांसाठी पैसे कमी पडतात म्हणून गाड्यांवरचा कर किंवा नोंदणीचं शुल्क वाढवा, असा उपायही सुचवला जातो. रस्ता वापरणाऱ्यानेच त्याचा खर्च उचलावा, हे ऐकायला पटतं. पण महाराष्ट्रात आरटीओत भरलेला पैसा आणि घरासमोरचा रस्ता यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नाही. ते समजून घेऊया.

नोंदणी शुल्क आणि रोड टॅक्स एकच आहेत का?

नाही. नोंदणी शुल्क केंद्र सरकारच्या मोटार वाहन नियमांनुसार ठरतं. नव्या खासगी कारसाठी ते ६०० रुपये आहे आणि दुचाकीसाठी ३०० रुपये. हा नोंदणीच्या कामाचा मोबदला आहे.

खरी मोठी रक्कम असते ती मोटार वाहन कराची. आपण बोलताना त्याला रोड टॅक्स म्हणतो. हा कर राज्य सरकार १९५८ च्या कायद्यानुसार घेतं. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारसाठी १० लाखांपर्यंतच्या किमतीला ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा दर आहे. म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल कारवर कर होतो ८८ हजार रुपये आणि नोंदणी शुल्क फक्त ६०० रुपये. शुल्क दुप्पट केलं तरी सरकारच्या हाती फार काही लागत नाही. कर एका टक्क्याने वाढवला, तर याच गाडीमागे ८ हजार रुपये जास्त मिळतात.

अलीकडे काय काय वाढलं?

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात दोन वाढी जाहीर झाल्या आणि १ जुलै २०२५ पासून त्या लागू झाल्या. सीएनजी आणि एलपीजी गाड्यांचा कर एका टक्क्याने वाढला. महागड्या गाड्यांवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली.

दुसऱ्या वाढीची चर्चा जास्त झाली, पण ती लागते फार थोड्यांना. १३ टक्के दराने कर २० लाखांच्या वर जायला पेट्रोल गाडीची किंमत साधारण १ कोटी ५४ लाखांच्या पुढे असावी लागते. सीएनजीची वाढ मात्र मध्यमवर्गीय ग्राहकालाही लागते. ८ लाखांच्या सीएनजी गाडीवर आधी ५६ हजार कर होता, तो ६४ हजार झाला.

केंद्रानेही ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचं नोंदणी नूतनीकरण महाग केलं. कारसाठी ते ५ हजारांवरून १० हजार झालं आणि दुचाकीसाठी १ हजारावरून २ हजार. पण हा निर्णय जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात म्हणून आहे. तो रस्ते बांधण्यासाठी पैसा उभा करण्याचा मार्ग नाही.

मग कराचा पैसा जातो कुठे?

तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते, शाळा, दवाखाने, रस्ते, सगळा खर्च याच तिजोरीतून होतो आणि कशाला किती द्यायचं हे अर्थसंकल्पात ठरतं. नावात ‘रोड’ आहे म्हणून तेवढी रक्कम रस्त्यावरच खर्च होईल, असं नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. सगळे रस्ते एका मालकाचे नाहीत. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावाकडचे बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे आणि शहरातल्या गल्ल्या महापालिकेकडे. पुण्यात गाडी घेतली की कर राज्याच्या तिजोरीत जातो, पण सोसायटीसमोरचा खड्डा बुजवायचा असतो महापालिकेला. महापालिकेचं उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कर, बांधकाम परवानग्या आणि राज्याच्या अनुदानातून येतं. त्यामुळे शहरात गाड्या वाढल्या, रस्त्यांवरचा ताण वाढला, तरी महापालिकेकडचे पैसे त्या प्रमाणात वाढत नाहीत.

पैसा रस्त्यांसाठी बांधून ठेवता येतो का?

येतो. भारतात पेट्रोल-डिझेलवरच्या सेससाठी २००० च्या कायद्याने केंद्रीय रस्ते निधी तयार झाला. पण २०१८ मध्ये त्याचं नाव बदलून ‘केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी’ झालं आणि इतर पायाभूत कामांसाठीही त्याची दारं उघडली. म्हणजे राखीव निधीचा कायदाही नंतर सैल होऊ शकतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने यावर वेगळा मार्ग काढला. तिथे २०१७ मध्ये इंधनावरचा कर वाढला आणि गाडीच्या वार्षिक नोंदणीसोबत किमतीनुसार २५ ते १७५ डॉलरचं नवं शुल्क आलं. नव्या इलेक्ट्रिक गाड्या इंधनावरचा कर भरत नाहीत म्हणून त्यांना वर्षाला १०० डॉलर लावले. दहा वर्षांत सुमारे ५२ अब्ज डॉलर उभे करायचे होते आणि त्यातला साधारण अर्धा वाटा शहरं आणि काउंटींच्या स्थानिक रस्त्यांसाठी होता.

लोक चिडले होतेच. पण जून २०१८ मध्ये मतदारांनी हा नवा पैसा वाहतुकीच्या कामांनाच वापरायचा, अशी तरतूद थेट राज्यघटनेत घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करवाढ रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे ५७ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

भार कोणावर पडतो?

महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतला जातो. त्यामुळे वाढीचा बोजा फक्त नव्या ग्राहकावर पडतो. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांकडून काही मिळत नाही. ज्या वर्षी गाड्यांची विक्री मंदावते, त्या वर्षी उत्पन्नही घसरतं, खड्डे मात्र तेवढेच राहतात.

शिवाय कर किमतीवर आहे आणि रस्ता झिजतो वजनाने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या चाचणीतून निघालेला ढोबळ नियम सांगतो की एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान सुमारे १६ पट होतं. म्हणजे रस्त्याची खरी झीज कारपेक्षा जड ट्रक, त्यातही ओव्हरलोड ट्रक करतात. पाणी नीट न निचरणं आणि निकृष्ट काम ही कारणं वेगळीच. त्यांवर करवाढ हा उपायच नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘रस्त्यांसाठी’ करवाढ जाहीर झाली की किती टक्के वाढ झाली यावरच थांबू नका. हा पैसा कायद्याने रस्त्यांसाठी बांधलेला आहे का, त्यातला किती महापालिकेपर्यंत आणि जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचणार, आणि जास्त झीज करणारा जास्त भरणार का, हे विचारा. या तिन्हींची उत्तरं मिळत नसतील, तर ती वाढ सरकारी तिजोरीसाठी आहे. तिजोरीलाही पैसा लागतो, त्यात गैर काही नाही. पण मग ते तसं सरळ सांगायला हवं.