स्नायुदुखापतीनंतर नृत्याभ्यासाचा पुनरारंभ

नृत्याच्या विद्यार्थ्याच्या पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू दुखावला, म्हणजे त्याच्यापुढे व त्याच्या गुरूपुढे एकच प्रश्न उभा राहतो : पायांत पुन्हा घुंगरू केव्हा बांधावयाचे? ह्याचे उत्तर सामान्यतः दिनदर्शिका पाहून किंवा वेदनेवरून दिले जाते. पंधरा दिवस उलटले, चालताना दुखत नाही, सत्रान्त परीक्षा जवळ आली. विद्यार्थी वर्गात उभा राहतो, आणि पुष्कळदा त्याच जागी पुन्हा दुखावतो. वेदना थांबणे आणि स्नायू नृत्यास समर्थ होणे ह्या दोन भिन्न घटना आहेत. त्यांमधील अंतर काही वेळा कित्येक महिन्यांचे असते, व विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते ते बहुधा ह्याच अंतरात.

स्नायू ताणला जाऊन फाटतो तो बहुतेक वेळा स्नायुतंतू व कंडरा ह्यांच्या सांध्यापाशी. फाटलेल्या जागी रक्त साचते, मृत तंतूंचा निचरा करण्यासाठी दाहाची प्रक्रिया सुरू होते, आणि त्यानंतर दुरुस्तीची दोन कामे एकाच वेळी चालू लागतात. पहिले काम नव्या स्नायुतंतूंच्या निर्मितीचे. ते ज्या पेशी करतात त्या स्नायुतंतूच्या आवरणाखाली एरवी सुप्त असतात. अलेक्झांडर मौरो ह्यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्या प्रथम दाखविल्या व त्यांना उपग्रह पेशी असे नाव दिले. दुसरे काम संयोजी ऊतकाचे, म्हणजे वण भरून येण्याचे. वण तंतूंच्या तुटलेल्या टोकांना सांधून धरतो; परंतु तो स्वतः आकुंचन पावत नाही, आणि वाजवीपेक्षा मोठा झाला तर नव्या तंतूंच्या वाटेत आडवा येतो.

फिनलंडमधील यार्व्हिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पोटरीच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगांवरून ह्या दोन कामांचा परस्परसंबंध बराच स्पष्ट झाला आहे. दुखापतीनंतरचे थोडे दिवस स्नायू स्थिर ठेवला, तर कोवळा वण पुन्हा फाटत नाही. मात्र हीच स्थिरता लांबली, तर नवे तंतू अस्ताव्यस्त वाढतात व स्नायू क्षीण होतो. हलका ताण मिळाला, म्हणजे तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात. साधारण दहाव्या दिवसानंतर वण हा त्या स्नायूचा सर्वांत दुबळा भाग राहत नाही. त्यानंतर स्नायू फाटलाच तर तो वणालगतच्या तंतूंत फाटतो. येथून पुढे प्रश्न ‘जखम भरली काय?’ हा नसून ‘आजूबाजूचा स्नायू किती भार सोसतो?’ हा असतो.

विश्रांतीविषयीच्या मतातही पालट झाला आहे. अमेरिकन वैद्य गेब मर्किन ह्यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व अवयव उंच ठेवणे हे चतुःसूत्र मांडले आणि ते जगभर रूढ झाले; २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच बर्फ व पूर्ण विश्रांती ह्यांमुळे बरे होण्यास विलंब लागण्याचा संभव आहे असे लिहिले. डेन्मार्कमधील बायर, मॅग्नुसन व क्येर ह्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मांडी वा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी क्रीडापटूंपैकी काहींचे पुनर्वसनाचे व्यायाम २ दिवसांनी, तर इतरांचे ९ दिवसांनी सुरू करण्यात आले. लवकर आरंभ केलेल्यांना खेळाकडे परतण्यास मध्यक मानाने ६२.५ दिवस लागले, उशिरा आरंभ केलेल्यांना ८३ दिवस. आठवड्याच्या विलंबाची किंमत सुमारे तीन आठवडे पडली. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावयास हवे की लवकर आरंभ करणाऱ्यांनाही दोन महिने लागले. ‘पंधरा दिवसांत बरा होईल’ ही वर्गावर्गांतून ऐकू येणारी भाषा कोणत्या आधारावर उभी आहे, ते कळत नाही.

अर्थात लवकर आरंभ करणे म्हणजे वैद्यकीय तपासणी टाळणे नव्हे. दुखापतीच्या क्षणी काही तुटल्यासारखा आवाज येणे, पायावर भार घेता न येणे, स्नायूत बोटाला खळगा लागणे किंवा काळेनिळे डाग दूरवर पसरणे ही चिन्हे असल्यास वैद्याकडे त्याच दिवशी जावे. पोटरी सुजून गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचाही संभव असतो. आरंभीच्या दिवसांत तेल लावून जोराने चोळणे व शेकणे हे घरगुती उपाय वर्ज्य समजावेत. रक्तस्राव वाढतो तो त्यांमुळेच.

नर्तकांच्या बाबतीत आणखी एक वैशिष्ट्य आढळले आहे, व शिक्षकांना ते सहसा ठाऊक नसते. स्वीडनमधील कार्ल आस्कलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या मागील बाजूचे स्नायू दुखावलेल्या १८ धावपटूंची आणि १५ व्यावसायिक नर्तकांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध केली. धावपटूंना दुखापत झाली होती ती पूर्ण वेगाने धावताना. नर्तकांना मात्र ती स्नायू सावकाश, टोकापर्यंत ताणताना झाली होती. प्रारंभी धावपटूंची अवस्था अधिक वाईट होती; त्यांची शक्ती व लवचीकपणा दोन्ही अधिक घटले होते. पूर्वस्थितीस येण्यास मात्र धावपटूंना मध्यक मानाने १६ आठवडे लागले, नर्तकांना ५०. कारण शरीररचनेत आहे. नर्तकांची इजा बैठकीच्या हाडाजवळ, कंडरेच्या भागात होती, आणि कंडरा ही स्नायूपेक्षा फार सावकाश सांधते.

आज अनेक नृत्यवर्गांत व्यायामाच्या तासाला हनुमानासनासारखी टोकाच्या ताणाची आसने करवून घेतली जातात. त्या वेळी बैठकीच्या हाडाखाली ‘कट्’ झाले आणि विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी चालू लागला, तर ती बाब क्षुल्लक समजली जाते. वरील अभ्यासावरून दिसते ते ह्याच्या उलट आहे. अशा विद्यार्थ्याला त्याच आसनाने ‘मोकळे’ करण्याचा प्रयत्न हा सर्वांत अहितकारक होय. त्याला हवे असतात ते स्नायू लांबत असतानाच भार धरून ठेवण्याचे, सावकाश वाढविलेले व्यायाम. आस्कलिंग ह्यांनीच स्वीडिश फुटबॉलपटूंवर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत परतले, प्रचलित व्यायाम करणारे ५१ दिवसांत. फुटबॉलपटूंचे आकडे नर्तकांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तत्त्व मात्र लागू पडते.

आता नृत्याच्या रचनेकडे वळले पाहिजे, कारण सर्वसाधारण व्यायामशाळेतील चाचणी नर्तकाला पुरेशी नसते. भरतनाट्यमात अरमंडीमध्ये गुडघे सतत वाकलेले राहतात. मांडीच्या पुढील स्नायूंना लांबलेल्या अवस्थेत ताण धरावा लागतो, आणि पोटरीच्या दोन थरांपैकी खोलवरचा थर अधिक काम करतो. कथ्थकच्या तत्कारात गुडघे जवळजवळ सरळ असतात, म्हणून वरच्या थराचा वाटा वाढतो. तेव्हा पोटरी दुखावलेल्या विद्यार्थ्याची एका पायावर टाच उचलण्याची चाचणी सरळ गुडघ्याने व वाकलेल्या गुडघ्याने अशी दोन्ही प्रकारे घ्यावी. प्रौढ व्यक्तीला एका पायावर अशा २५ आवृत्त्या करता याव्यात, असे मान सामान्यतः धरतात. नर्तकाची तुलना मात्र त्याच्याच दुसऱ्या पायाशी करणे अधिक योग्य. टाच पहिल्या आवृत्तीइतकीच शेवटीही उंच उचलली जाते काय, हेही पाहावे, कारण थकलेला स्नायू संख्येत नव्हे तर उंचीत उणा पडतो.

भारमापनासाठी नृत्याजवळ एक तयार साधन आहे, ते म्हणजे लय. त्याचा उपयोग मात्र विचारपूर्वक केला पाहिजे. दर मिनिटास ६० मात्रांच्या लयीत बराबरीचा तत्कार दहा मिनिटे केला, तर एकूण ६०० पदाघात होतात, म्हणजे प्रत्येक पायाचे ३००. दुगुनीत तेच ६०० व चौगुनीत १२०० होतात. अडवूंचे तीन काळही असेच दुपटीने चढतात. गुरू ‘आज फक्त दुगुन कर’ असे सौम्यपणे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो भार एका दिवसात दुप्पट करावयास सांगत असतो. शिवाय वेग वाढला की आघातांमधील विसाव्याचा अवधी निम्मा होतो. संगीतदृष्ट्या जी पहिली पायरी, ती स्नायूच्या दृष्टीने मोठी उडी आहे. ह्यास्तव दुगुनीकडे जाण्याआधी बराबरीचीच लय ६० वरून ६६, ७२ अशी चढवावी, आणि दुगुन प्रथम घ्यावी ती ४० मात्रांच्या संथ ठेक्यावर, थोडाच वेळ. लेहऱ्याच्या यंत्रावर हे सहज साधते. वेग व कालावधी एकाच दिवशी वाढवू नयेत.

वेदनेला ह्या क्रमात स्थान आहे, पण ते मापकाचे. निर्णय तिच्यावर सोपवू नये. सरावाच्या वेळी जाणवणारी सौम्य अस्वस्थता, जी थोड्या वेळात शमते व दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली नसते, ती चालण्यासारखी असते. सकाळचा ताठरपणा वाढलेला आढळला, तर आदल्या पायरीवर परतावे. मांडीच्या मागील दुखापतीत एक सूक्ष्म चाचणी उपयोगी पडते. विद्यार्थ्याने उताणे झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय शक्य तितक्या वेगाने वर उचलावा. आस्कलिंग ह्यांना असे आढळले की नेहमीच्या तपासणीत बरे ठरलेल्या खेळाडूंनाही ह्या वेळी त्या पायाचा भरवसा वाटत नव्हता. हा भरवसा नसणे ही मनाची दुर्बलता समजून विद्यार्थ्याला धीर देऊ पाहणे हे घातक होय.

मधल्या काळात विद्यार्थ्याने वर्गाबाहेर बसावे, अशी काही आवश्यकता नाही. कथ्थकमध्ये पढंत व बैठकी भाव, भरतनाट्यमात सोल्लुकट्टूंचे उच्चारण, तालाचे हस्तसंचालन आणि पदांचा अभिनय ही अभ्यासक्रमाचीच अंगे आहेत, व त्यांकडे एरवी वेळेअभावी दुर्लक्ष होते. मुख्य म्हणजे वर्गात काम असलेला विद्यार्थी दुखणे लपवीत नाही. गुरूचा रोष व भूमिका हातची जाण्याचे भय ह्यांमुळे दुखापत लपविली जाते, हे शिक्षकांनी ओळखले पाहिजे. ज्या विभागात विश्रांतीची नोंद गैरहजेरी म्हणून होते, तेथे दुखापतींची नोंद विरळच आढळेल. आहार व झोप अपुरी असल्यास किंवा विद्यार्थिनीची मासिक पाळी अनियमित झाली असल्यास त्याचीही चौकशी वैद्याकडून व्हावी, कारण अर्धपोटी शरीरात दुरुस्ती मंदावते.

रंगमंचावरील पुनरागमनाचा क्रम मार्गमच्या क्रमाप्रमाणे असण्याचे कारण नाही. अलारिप्पू आरंभीचा व लहान असला, तरी त्यात पूर्ण बैठक येते. मांडीचा पुढचा स्नायू दुखावलेल्याला तो पदमापेक्षा कठीण जातो. वर्णम् सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्यातील तीर्मानम् थकलेल्या पायांनी करावे लागतात आणि पुन्हा होणारी दुखापत बहुधा थकव्यातच होते. म्हणून अखेरची चाचणी ताज्या पायांवर घेऊन भागत नाही. संपूर्ण कार्यक्रम नेहमीच्या लयीत, दोनतीन दिवसांच्या अंतराने दोनदा करवून घ्यावा व प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी. घुंगरांची संख्या अर्ध्यावर आणून हळूहळू वाढवावी, कारण पायाच्या टोकाशी बांधलेले वजन फेकताना व आवरताना दोन्ही वेळा स्नायूस जाणवते. परीक्षा सिमेंटच्या किंवा फरशीच्या भूमीवर व्हावयाची असेल, तर ह्या दोन तालमींपैकी निदान दुसरी तशाच भूमीवर झालेली असावी.