नवसागर

“आबा, आपल्या घरी समुद्र कुठून आला?” धाकटीने विचारलं. थोरल्याने फोनवरून मान न उचलता सांगून टाकलं, “कुरियरने.” खोटं नव्हतं. मिठाची बादली कुरियरनेच आली होती. पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. ती सुरू होते कल्हईवाल्यापासून.

कल्हईवाला तुम्ही पाहिलेला नाही. आमच्या लहानपणी तो भाता घेऊन दारासमोर बसायचा. पितळेचं पातेलं तापवायचा, चिमूटभर पांढरी पूड आत टाकायचा, भसकन धूर निघायचा, नाकाला झोंबायचा. मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेलं पातेलं चांदीचं व्हायचं. त्या पुडीला म्हणत नवसागर. शास्त्रातलं तिचं नाव अमोनियम क्लोराईड. समुद्राशी तिचं काही नातं नाही, नावात उगाच सागर आहे. पण आपल्या हॉलमधल्या नव्या सागराला पहिला घास मिळाला तो याच पुडीचा, आणि तोही जेमतेम एक ग्रॅम. तो का, ते सांगतो. आधी बाकीचं ऐका.

आपण राहतो वाकडला. पायाखाली काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. समुद्र पश्चिमेला, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, मधे सह्याद्री आडवा. आपली मुळा तर समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि वाकडचं पाणी जातं थेट बंगालच्या उपसागरात.

“म्हणजे जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला?”

हो. माणसंही तसंच करतात. तुझा बाप हिंजवडीला जायला रोज दीड तास लावतो, ते काय वेगळं आहे?

तर अशा ठिकाणी समुद्र बनवायचा म्हणजे मीठ आलं. स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बरंचसं आपलं नेहमीचं मीठच, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असा सगळा मसाला. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं इंग्रजी जहाज जगभरच्या समुद्रांतून पाणी भरून घेऊन आलं. डिटमार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यातले 77 नमुने तपासले आणि 1884 मध्ये सांगितलं, की पाणी कुठे जास्त खारट, कुठे कमी. पण त्या क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच. म्हणून तर एकाच बादलीतल्या मिठाने कुठलाही समुद्र बनतो. आपल्या टाकीत 170 लिटर पाणी बसतं, त्याला सहा किलो मीठ लागलं.

पाणी मात्र नळाचं नाही. 2019 पासून नळाला दिवसाआड पाणी, उरलेलं टँकरचं. टँकरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला तर आकडा आठशेच्या घरात. पहिल्या वेळी मी हट्टाने तेच वापरलं. तिसऱ्या आठवड्यात काचेवर, दगडावर तपकिरी सायच सायच. ती सिलिका खाणाऱ्या डायटमांची. काचेच्या कवचात राहणारे एकपेशीय जीव हे. त्यांना पाण्यातून फुकट सिलिका मिळाली, त्यांनी घरं बांधली. टाकी रिकामी केली. मग आरओ आणि त्याच्या पुढे आणखी एक गाळणी, आकडा शून्य येईपर्यंत. मिठात सगळं आहे, पाण्यात काही नको.

क्षार मोजायचं यंत्र पाहून मला हसूच आलं. रिफ्रॅक्टोमीटर! भोसरीच्या शॉपमध्ये मी तीस वर्षं रोज सकाळी मशिनच्या कूलंटचा थेंब त्याच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरत होतो. पाण्यात काही विरघळलेलं असलं की उजेड जास्त वाकतो, आतली रेघ वर सरकते. कूलंट काय, समुद्र काय, उजेडाला फरक कळत नाही. पट्टी तेवढी वेगळी. त्यावर 35 दिसलं पाहिजे.

आणि रोज पाहावं लागतं. मिठागरात काय होतं? पाणी उडून जातं, मीठ राहतं. टाकीतही तेच. उन्हाळ्यात पाणी 26 अंशांवर ठेवायला मी वर पंखा लावतो. माठ गार होतो तशीच टाकी गार होते, पण रोज दोन लिटर पाणी उडतं. आठवडाभर दुर्लक्ष केलं तर 35 चे 38 होतात. भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. हे न कळल्याने मिठाचं पाणी ओतत राहणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या महिन्यात मीही त्यांच्यातलाच होतो.

आता दगड. खऱ्या प्रवाळबेटावरचा दगड आणून टाकायचा नाही. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत! कोणी कितीही स्वस्त देवो, घ्यायचं नाही. म्हणून मी दगड ओतला. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ एकत्र कालवून ओल्या वाळूच्या साच्यात. घट्ट झाल्यावर पाण्यात टाकला, मीठ विरघळलं, दगडाला भोकंच भोकं. सिमेंटचा तिखटपणा जाईपर्यंत दीड महिना गच्चीत पिंपात पाणी बदलत भिजवला. सोसायटीचे लोक विचारायचे, काका, लोणचं घातलंय का?

भोकं कशाला? तिथे येतो आपला नवसागर.

खरं सांगू का, पहिल्या टाकीत मी तिसऱ्याच दिवशी मासे सोडले होते. पाणी काचेसारखं स्वच्छ, आकडे बरोबर. आठवड्याच्या आत दोन्ही गेले. दुकानदाराने ‘लगेच सोडा’ म्हटलं होतं, पण चूक माझी. स्वच्छ दिसणारं पाणी आणि जिवंत पाणी यांतला फरक मला कळला नव्हता. मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो कुठल्या कुठे जातो. टाकीत मासा आपल्याच विषात पोहत राहतो.

आपल्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे ना, ज्याच्या वासावरून दर मीटिंगला भांडण होतं? तिथे कोण काम करतं? ऑपरेटर नाही रे. तो फक्त हवा सोडतो. काम करतात जिवाणू. एक जमात अमोनिया खाऊन नायट्राइट करते, दुसरी नायट्राइट खाऊन नायट्रेट. विनोग्राडस्की नावाच्या रशियन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. अन्न म्हणून यांना उजेड लागत नाही, साखर लागत नाही, अमोनियासारख्या निर्जीव पदार्थावर ते संसार करतात. वाढतात मात्र सावकाश. दह्याच्या विरजणासारखं एका रात्रीत होत नाही.

दुसऱ्या वेळी म्हणून मासा न सोडता नवसागर सोडला. कल्हईचा नाही, प्रयोगशाळेच्या दुकानातून आणलेला शुद्ध. एक ग्रॅम तोलून टाकला, मित्राच्या जुन्या टाकीतली मूठभर खडी विरजण म्हणून घातली, आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी परीक्षानळीत थेंब टाकायचे. अमोनियाचा रंग हिरवा. दहा दिवस हिरवा. तुझी आजी म्हणाली, रिकाम्या पाण्याची आरती करायची राहिलीय तेवढी. मग हिरवा फिका होत पिवळा झाला, आणि नायट्राइट जांभळं झालं. पहिली जमात कामाला लागली होती! आणखी तीन आठवड्यांनी जांभळंही गेलं. साडेपाच आठवड्यांनी मी पुन्हा एक ग्रॅम टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळा संपलेला. टाकीत एकही मासा नाही, दिसायला दगड आणि पाणी. पण त्या भोकाभोकांत वस्ती झाली होती. मगच क्लाउनफिश माशांची जोडी सोडली.

उरलेलं नायट्रेट दर रविवारी 17 लिटर पाणी बदलून काढायचं, सहाशे ग्रॅम मिठाचं नवं पाणी आदल्या रात्री तयार ठेवायचं. माशांनी खाऊन उरलेली घाण काढायला स्किमर. त्यात बुडबुडे घुसळतात, चिकट घाण बुडबुड्यांना धरून फेसात वर येते. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात ना, तसं. वास मात्र गुळाचा नाही.

मग आला एक गुरुवार. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा, त्यामुळे वीज दुरुस्तीचाही. सकाळी दहाला गेली ती चारपर्यंत आली नाही. पंप बंद, पाणी थांबलं, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. गरम खारं पाणी प्राणवायू कमी धरतं, आणि जिवाणूही तोच खातात. मी तुम्हाला दोघांना तांबे दिले आणि सांगितलं, टाकीतलं पाणी भरा, वीतभर उंचीवरून परत सोडा. आठवतं? तेव्हा सांगितलेली गोष्ट आठवते?

1846 ची. अ‍ॅना थिन नावाची बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून बरणीत घालून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. समुद्र लांब, पाणी बदलणं अवघड. तिने उपाय काढला: घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. हवा पाण्यात मिसळायची, प्रवाळ जगले. पुढे त्या बाईचं नाव मत्स्यालयांच्या इतिहासात आलं. मोलकरणीचं नाव मी कुठेच वाचलं नाही. तुम्ही त्या दिवशी चार वाजेपर्यंत आळीपाळीने तिचंच काम केलंत. दुसऱ्या दिवशी मी बॅटरीवरचा हवेचा पंप आणला.

“आबा, यातली आई कोण?”

मोठी आहे ती. क्लाउनफिश सगळे आधी नरच होतात. जोडीत जो मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. ती गेली तर नवरा मादी होतो. असं बघू नका, खरं आहे. क्लाउनफिशच्या त्या सिनेमात बाप पोराला शोधत फिरतो ना, निसर्गाच्या हिशोबाने तो आतापर्यंत आई झाला असता. ही आपली जोडी समुद्रातून पकडलेली नाही, हॅचरीत जन्मलेली आहे. तामिळनाडूत मंडपमला सरकारी संशोधन केंद्रात यांची पैदास करतात, आपल्याकडे ऐरोलीलाही. मासे घेताना हे एवढं विचारायचंच.

आणि प्रवाळ? ते मी घरी ठेवत नाही, ठेवू देणारही नाही. आजीच्या अंगठीतलं पोवळं वेगळं, ते बेटं बांधणाऱ्या जातीचं नव्हे. बेटं बांधणारा प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची चाळ. प्रत्येकाच्या अंगात शेवाळाचे पेशी-भाडेकरू, ते उन्हात साखर बनवतात आणि घरमालकाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून तसंच राहिलं, की भाडेकरू बाहेर, चाळ पांढरी. मी पंखा लावून 26 अंश धरतो. समुद्राला कोण पंखा लावणार?

आपले प्रवाळ लांब नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात आहेत, तिथे 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेला एक मोठा खडक आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून. त्याच्या पाठीवर प्रवाळांची वस्ती आहे. मुंबईतसुद्धा आहेत! सागरी रस्ता बांधताना 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून 18 वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊ. थोरल्याला पोहता येतं, धाकटीने तोवर शिकावं.

टाकीजवळ एक दोनशे पानी वही लटकवलेली आहे. शॉपमध्ये शिफ्टची नोंद असायची तशी रोजची नोंद. कालची धाकटीच्या हातची आहे: क्षार 35, तापमान 26, पाणी दीड लिटर घातलं, मासे 2, वीज होती.