फुगलेले दार आणि बारका रंधा

आषाढ लागला, चार दिवस झड लागून राहिली, की जळगाव-धुळ्याकडील जुन्या घरांतली कवाडे अडून बसतात. उन्हाळ्यात बोटाने लोटली तरी मिटणारी दारे खांदा लावल्याशिवाय हलत नाहीत. मग घरातील कुणीतरी सुताराला निरोप धाडतो, किंवा माळ्यावरचा रंधा काढून स्वतःच दाराची कड तासू लागतो. दार मोकळे होते आणि सगळ्यांना हायसे वाटते. परंतु चैत्र-वैशाख आला, की त्याच दाराच्या फटीतून फुफाटा घरात शिरतो आणि कडीही नीट बसत नाही. पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा थोडे अडते, पुन्हा तासले जाते. अशा चार-सहा पावसाळ्यांत चांगले सागवानी दार कायमचे बिघडते. म्हणून रंधा कसा चालवावा याच्याइतकाच, तो केव्हा आणि किती चालवावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दार फुगते म्हणजे नेमके काय होते? लाकूड हा अतिसूक्ष्म नळ्यांचा जुडगा आहे. झाड तुटून कितीही वर्षे झाली तरी त्या नळ्यांच्या भिंती हवेतील बाष्प शोषतात आणि हवा कोरडी झाली की ते सोडून देतात. बाष्प शोषले की लाकूड फुगते, सोडले की आकसते. मात्र ही वाढ लांबीत जवळजवळ होतच नाही. ती होते रुंदीत आणि जाडीत. आपल्या खानदेशात तर हवेचा हा खेळ फार मोठा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडीठाक असते. दोनच महिन्यांनी ती ओलाव्याने जड होते.

साग हे लाकूड या बाबतीत सर्वांत शहाण्यांपैकी समजले जाते. तरीही हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली, तर सागाची फळी रुंदीत साधारण १ टक्क्याने वाढते. हिशेब करून पाहा. फळीला फळी जोडून केलेले ७५ सेंटिमीटर रुंदीचे दार ७ मिलिमीटरच्या आसपास फुगेल. याउलट उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करून तिच्या खाचांत पॅनेले बसवलेले दार घ्या. पॅनेले खाचेत मोकळी असल्यामुळे ती आतल्या आत फुगतात. बाहेर जाणवते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांची वाढ. त्या प्रत्येकी १० सेंटिमीटर धरल्या, तर दोहोंची मिळून अवघी २ मिलिमीटर! जुन्या सुतारांनी पॅनेलचे दार केवळ शोभेसाठी केले नव्हते, हे यावरून ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अडणाऱ्या दारावर रंधा धरण्यापूर्वी बिजागऱ्या पाहाव्यात. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील, तर दार झुकते आणि खालच्या कोपऱ्यात घासते. हा दोष लाकडाचा नव्हे. स्क्रू आवळावेत, भोक मोठे झाले असल्यास त्यात बांबूची बारीक कामटी सरस लावून ठोकावी आणि मग स्क्रू पिळावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

तेवढ्याने भागले नाही, तर दार नेमके कोठे घासते ते शोधावे. चौकटीच्या आतल्या बाजूला खडू फासून दार एकदा मिटावे व उघडावे. जेथे दाराच्या कडेला खडू लागला, तेथेच ते अडते. बहुधा ही जागा वीतभरच असते. तेवढ्या भागावर पेन्सिलीने खूण करावी. सबंध कड तासण्याचे काही कारण नसते.

या कामाला बारका रंधा उत्तम. सुमारे वीतभर लांबीचा, एका हाताच्या मुठीत मावणारा हा रंधा लोखंडी असतो, तसाच शिसवीचा किंवा बाभळीचाही असतो. त्याची रचना साधी आहे: सपाट तळ, तळातली फट, फटीतून किंचित डोकावणारे पाते आणि पाते घट्ट धरणारी पाचर किंवा स्क्रू. ही रचना फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहराच्या उत्खननात रोमन सुतारांचे रंधे सापडले, आणि आजच्या सुताराला ते ओळखण्यास मुळीच अडचण पडणार नाही.

रंध्याचे पाते किती बाहेर असावे? रंधा उलटा धरून तळावरून नजर टाकली असता पाते केसासारख्या काळ्या रेघेएवढे दिसावे, त्याहून अधिक नको. निघणारे सोलपट वर्तमानपत्राच्या कागदाइतके पातळ असले म्हणजे ठीक. पात्याला धार हवी. धार लावण्याच्या दगडावर तेलाचा थेंब टाकून पात्याची तिरपी बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात घासावी, आणि मागची बाजू दगडावर सपाट ठेवून एकदोनदा फिरवावी, म्हणजे कडेला वळलेला धातूचा तंतू निघून जातो. बोथट रंधा जोराने दाबावा लागतो. तो लाकूड कापत नाही, उचकटतो. आपल्याकडच्या अंजनासारखे कठीण लाकूड तर पात्याची परीक्षाच पाहते.

गुराच्या पाठीवरून हात फिरवताना आपण केसांच्या दिशेने फिरवतो, तसाच रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. पृष्ठभाग खरबरीत होऊ लागला, तर दिशा बदलावी. सुरुवातीला भार रंध्याच्या पुढच्या टोकावर आणि शेवटी मागच्या टोकावर द्यावा, म्हणजे कड गोलावत नाही. दार वरच्या किंवा खालच्या कडेला अडत असेल, तर तेथे उभ्या पट्टीच्या रेषांची तोंडे असतात. तेथे रंधा नेहमी कोपऱ्याकडून आत, दाराच्या मध्याकडे चालवावा. आतून बाहेर चालवला, तर कोपऱ्याची ढलपी उडालीच म्हणून समजा. काम सुरू करण्यापूर्वी कडेत खिळा नाही ना, हेही पाहून घ्यावे. हल्लीच्या फ्लश दारांना कडेने लाकडाची अरुंद पट्टी असते. रंधा तिच्यातच राहिला पाहिजे.

आता वेळेविषयी. पावसाळ्यात दार जोर लावून का होईना मिटत असेल, तर तेव्हा ते तासू नये. श्रावणात खूण करून ठेवावी आणि कार्तिकात, लाकूड वाळल्यावर, रंधा मारावा. कोरड्या दिवसांत दाराच्या प्रत्येक बाजूला रुपयाच्या नाण्याइतकी फट असली, की पावसाळ्यात ती पोस्टकार्डाइतकी उरते आणि दार चालते. भर पावसात दार अगदीच मिटेनासे झाले, तर फक्त खडूची खूण जाईपर्यंत तासावे आणि थांबावे.

तासलेल्या कडेचे लाकूड उघडे पडते व ओलावा अधिक वेगाने पिते. म्हणून तेथे जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत किंवा रंग लावावा. दाराची खालची कड कुणी रंगवत नाही, आणि तीच अधिक पाणी पिते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या तापतात व कधीकधी आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात.

हे सारे ज्ञान गावच्या सुताराच्या हातात होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांचा जो संसार उभा राहतो, त्यात सुताराचे स्थान अग्रभागी आहे. बलुत्याची पद्धत मोडली, सुतार शहराकडे गेले, आणि कोणते दार केव्हा तासू नये हे सांगणारा माणूस गावातून कमी झाला. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा नंदलाल बोस यांनी तेथील सजावट बांबूसारख्या साध्या ग्रामीण साहित्यातून उभी केली होती. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, तिच्यात सुतारकामालाही स्थान होते. कलाशाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी या गोष्टी परीक्षेपुरत्या वाचल्या. रंधा मात्र हाती धरला नाही.

तो धरायला फार खर्च लागत नाही. एक बारका रंधा, धार लावण्याचा एक दगड आणि सरावासाठी वखारीतला एखादा टाकाऊ तुकडा पुरे. दिवाळीच्या सुटीत घरी जाल, तेव्हा प्रथम दाराच्या फटीत रुपयाचे नाणे सरकवून पाहा. ते सहज जात असेल, तर रंधा पेटीतच राहू द्या.