कन्नड येत नाही, की अक्षरंच जुळत नाहीत? सीमाभागातील मुलं आणि डिस्लेक्सिया

जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या गावात मूल घरी कोकणी बोलतं, मराठीही त्याच्या कानावर असते आणि शाळेत गेलं की ते कन्नड अक्षरं गिरवतं. चौथीत गेलं तरी त्याला वाचता आलं नाही, तर घरचे म्हणतात, "आपली भाषा नव्हे ती, येईल हळूहळू." शिक्षक म्हणतात, "लक्षच नाही." दोन्ही खरं असू शकतं. पण तिसरी शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही, ती म्हणजे डिस्लेक्सिया.

हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने वापरला. बहुधा म्हणूनच आजही अनेकांना हा डोळ्यांचा दोष वाटतो. तो तसा नाही आणि बुद्धीचाही नाही. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं आणि प्रत्येक आवाज त्याच्या अक्षराशी जोडणं, हे या मुलांच्या मेंदूला जड जातं. जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्यात मांडलेल्या कंदांची नावं घडाघडा सांगणारं पोर फळ्यावरच्या तीन अक्षरांपाशी अडतं, ते यामुळे. घराण्यातही हे उतरतं. "मला शाळा जमलीच नाही," असं सांगणाऱ्या बापाने मुलाला आळशी म्हणण्याआधी थोडं थांबावं.

मग भाषेची अडचण आणि डिस्लेक्सिया वेगळे ओळखायचे कसे? नुसती भाषा नवी असेल, तर मुलाला अर्थ कळत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. सराव वाढला की वाचनही सुधारतं. डिस्लेक्सियात कन्नड बोलणं सुधारतं, वाचन मात्र तिथंच राहतं. कालचं अक्षर आज नवं वाटतं. घरी मराठी शिकवली तर तिथंही तेच. शब्दातलं पहिलं अक्षर काढून उरलेला शब्द सांग, असा तोंडी खेळही ज्या भाषेत ते सहज बोलतं त्या भाषेत जमत नाही.

मात्र घाईही नको. कन्नडमध्ये 'द' आणि 'ध', 'प' आणि 'फ' यांत अक्षराखालच्या बारीक रेघेचाच फरक असतो, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं. मराठीत 'कि' वाचताना वेलांटी आधी दिसते, उच्चारली जाते नंतर. बेंगळूरच्या संशोधक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवलं, की कन्नडची अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते. म्हणून दुसरीतल्या चुकांवरून शिक्का मारू नये. पण वर्गातली बाकीची मुलं पुढे गेली आणि एकच मागे राहिलं, तर तपासणी टाळू नये.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग कारवारच्या किंवा धारवाडच्या सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडे जावं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' ही चाचणी आणली, ती मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. मूल ज्या भाषेत वाचायला शिकलंय, त्या भाषेत तपासणी व्हायला हवी, एवढं पालकांनी स्पष्ट विचारावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचा त्यात उल्लेख आहे. तीन भाषांच्या ओझ्याखालच्या सीमाभागात ही शेवटची तरतूद फार मोलाची, पण ती माहीत असणारे पालक किती? २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची तरतूद होती. सवलती दहावीत लागतात म्हणून दहावीपर्यंत थांबू नये.

शाळेची मदत मात्र प्रमाणपत्रावाचून सुरू करता येते. ताटात तांदळाचं पीठ पसरून मोठ्याने उच्चार करत बोटाने अक्षर काढायचं. शब्दातल्या प्रत्येक अक्षरामागे एक चिंचोका मांडायचा, मग एकेक काढत शब्द पुन्हा म्हणायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. चुकलेला शब्द पन्नासदा लिहायला लावला तर चूकच पन्नासदा गिरवली जाते. वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नये, उत्तर तोंडी घ्यावं. आणि तपासणीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या जरूर न्याव्यात, कन्नडच्याही आणि असतील तर मराठीच्याही.